माझ्या सावधपणाला काम देणाऱ्या प्रशिक्षिकेस

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

माजी सैनिक, अग्निशमन दलातील जवान, रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी आणि पोलीस यांच्यासाठी रेसिंग ट्रॅकवर आपण जे प्रशिक्षण चालवता, त्याबद्दल आपले मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते खुले ठेवले आहे, कारण मनाने पोळलेल्या माणसाला भरधाव गाडीत बसवणे म्हणजे आगीत तेल ओतणे, असे मानणारे पुष्कळ जण आहेत. ज्यांच्या घरात असा एखादा माणूस आहे, त्यांना तरी आपण नेमके काय करता हे कळावे, अशी माझी इच्छा आहे.

मी अग्निशमन दलात बंबाचा चालक होतो. वेग हा माझ्या नोकरीचाच भाग होता, परंतु त्या वेगाच्या शेवटी दर वेळी कोणाचे तरी जळते घर किंवा चेपलेली गाडी असे आणि आत कोणीतरी अडकलेले असे. निवृत्तीनंतर बंब सुटला, पण शरीराची तयारी सुटली नाही. रात्री दार वाजले तरी मी पूर्ण जागा होऊन पायांनी बूट शोधत असे, गर्दीत बाहेर जाण्याची वाट आधी पाहून ठेवत असे आणि रस्त्यावर भोंगा ऐकू आला की हात स्टिअरिंगवर आवळले जात. डॉक्टरांनी पीटीएसडीचे, म्हणजे आघातानंतर जडणाऱ्या तणावविकाराचे निदान केले आणि समुपदेशन सुरू झाले. त्या काळात भेटणारा प्रत्येक जण मला प्रेमाने एकच सांगत असे, की आता शांत हो. ते मला जमत नव्हते, आणि जमत नाही याची लाज वाटत होती. आपण मात्र मला शांत व्हायला एकदाही सांगितले नाही.

पहिल्या भेटीत मी गाडी किती वर्षे चालवली, हे आपण विचारले नाही. कोणती औषधे घेतो, झोप कशी लागते, कधी शुद्ध हरपली होती का आणि समुपदेशकांना या उपक्रमाची कल्पना दिली आहे का, हे विचारले. झोपेच्या किंवा गुंगी आणणाऱ्या गोळ्यांचा अंमल असताना कोणालाही गाडीत बसवणार नाही आणि हे प्रशिक्षण उपचाराची जागा घेणार नाही, हे आपण इतक्या स्पष्टपणे सांगितलेत, की माझा आपल्यावर विश्वास बसला तो तेथेच. या क्षेत्रात उत्साहाला तोटा नसतो. अशी शिस्त मात्र दुर्मीळ असते.

गाडीत बसण्यापूर्वी आपण आम्हाला संपूर्ण ट्रॅक पायी फिरवलात. ब्रेक कोठे लावायचा, वळणाच्या आतल्या कडेला गाडी कोठे भिडवायची आणि बाहेर पडताना तिला कोठवर जाऊ द्यायचे, हे डांबरावर उभे राहून दाखवलेत. टायरची पकड मर्यादित असते. तीच ब्रेकला आणि वळण्याला वाटून द्यावी लागते, म्हणून सरळ रेषेत जोरात ब्रेक लावून पाय हळूहळू सोडत गाडी वळवायची, हा नियम मला लगेच पटला, कारण पाण्याने भरलेला बंब वळवताना तो मी हातापायांनी जगलो होतो. नवे होते ते नजरेचे शिक्षण. चालकाची नजर जेथे खिळते, तेथे त्याचे हात गाडी नेतात. भिंतीकडे पाहत राहिलेला माणूस भिंतीवरच जातो. गाडी घसरू लागली की ज्या दिशेला जायचे आहे तिकडे पाहायचे, हे आपण ओल्या, निसरड्या पट्ट्यावर पुन्हा पुन्हा करवून घेतलेत. माझी नजर कित्येक वर्षे धोक्यावर खिळलेली होती, आणि ती तेथून उचलून पुढे नेणे हे शिकता येणारे कौशल्य आहे, ही गोष्ट मला कोणत्याही उपदेशातून कळली नसती. ती आधी मानेच्या स्नायूंना कळली आणि मग मला.

हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर आपला आवाज सतत असे: आता ब्रेक, सोडा, वर बघा, जाऊ द्या. त्या गतीला मनात दुसरे काही शिरायला जागाच राहत नाही. मागची रात्र, जुने चेहरे, उद्याची चिंता, सगळे पुढच्या वळणापर्यंत थांबून राहते. शर्यतीच्या चालकांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला 150 च्या वर जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. माझेही हृदय तसेच धावत होते, आणि आजवर ते असे धावले की मी घाबरून जात असे. येथे ते धावले आणि वाईट काहीच घडले नाही. समुपदेशकांनी नंतर समजावले, की छातीतली धडधड म्हणजे संकटच असे नाही, हे शरीराला अनुभवानेच शिकावे लागते, आणि बोलून जे उमगले होते त्याला आता हा अनुभव जोडला गेला.

तरीही माझ्या मते आपल्या प्रशिक्षणाचा खरा गाभा वेगात नाही, तो थांबण्यात आहे. ट्रॅकवर धोका कळवण्याची जबाबदारी एकट्या चालकावर नसते. पिवळा झेंडा दिसला की पुढे धोका आहे, ओव्हरटेक करायचे नाही. निळा दिसला की मागून वेगवान गाडी येत आहे. लाल दिसला की सगळ्यांनीच वेग कमी करून परतायचे. कोणीतरी दुसरे पहारा देत आहे, हे मला फार वर्षांनी अनुभवायला मिळाले. फेऱ्या संपल्याचे सांगणारा काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा पडल्यावर ब्रेक आणि इंजिन थंड होण्यासाठी जी संथ फेरी मारायची असते, ती आपण कोणालाही टाळू दिली नाही. नोकरीत आम्हाला अशी फेरी कधी मिळालीच नव्हती; एक घटना संपली की बंब धुऊन, पाणी भरून पुढच्या घटनेसाठी तयार राहायचे, एवढेच माहीत होते.

त्या फेरीनंतर आपण गाडीतच बसून आमच्याशी बोलत असा, तेही फक्त वळणांबद्दल. दोघांचीही नजर समोर असल्यामुळे असेल कदाचित, पण बोलणे हळूच दुसरीकडे वळत असे. आमच्या तुकडीत एक वयोवृद्ध माजी सैनिक होते. पीटीएसडीला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत स्थान मिळाले ते 1980 साली; त्याआधीच सेवा संपलेल्या या गृहस्थांना आपल्या त्रासाचे वर्णन दुबळेपणा असेच ऐकावे लागले होते. त्यांनी आपल्यासमोर प्रथम तोंड उघडले ते तिसऱ्या वळणावर उशिरा लागलेल्या ब्रेकविषयी, आणि मग बराच वेळ ते थांबले नाहीत. आपण मध्ये एक शब्दही बोलला नाहीत, याबद्दल त्यांच्या वतीनेही आभार मानतो.

ब्रिटनमध्ये 2012 साली लष्करी अधिकारी जेम्स कॅमरून यांनी स्थापन केलेल्या मिशन मोटरस्पोर्टविषयी मी आपल्याकडूनच प्रथम ऐकले. जखमी आणि आजारी सैनिकांना शर्यत, नवे कौशल्य आणि उभारी एकत्र देणारी ही संस्था वेल्समधील अँगलसीच्या ट्रॅकवर स्मरणाची दीर्घ शर्यत भरवते आणि रविवारी सकाळी ती थांबवून पिट लेनमध्ये, म्हणजे ट्रॅकलगत गाड्यांची देखभाल होते त्या मार्गिकेत, सर्व जण हुतात्म्यांना आदरांजली वाहतात, हे ऐकून मला भरून आले. तेथल्याप्रमाणे आपणही गाडी चालवू न शकणाऱ्यांना पिटमध्ये खरे काम दिलेत: टायरमधली हवा मोजणे, चाकाचे नट ठरलेल्या ताकदीने आवळणे, वेळ नोंदवणे. मनोरंजनासाठी दिलेले काम आणि ज्यावर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे असे काम, यांतला फरक आमच्यासारख्यांना ताबडतोब कळतो.

सर्वांनाच हे मानवेल असे नाही. तापलेल्या ब्रेकच्या वासाने एक सहकारी थरथरू लागला, तेव्हा आपण त्याला धीर धरायला न सांगता ट्रॅकपासून दूर नेलेत आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या समुपदेशकांशी त्याच्या परवानगीने बोललात. माझीही प्रत्येक रात्र आज शांत जात नाही आणि उपचार चालू आहेत. पण रस्त्यावर भोंगा ऐकू आला की मी आरशात पाहतो, गाडी बाजूला घेतो, रुग्णवाहिकेला वाट देतो आणि पुन्हा रस्त्याला लागतो. माझी पत्नी आता शेजारच्या आसनावर डोळे मिटून बसत नाही.

पुढच्या तुकडीत माझा एक जुना सहकारी येणार आहे. तो कमी बोलतो, त्यामुळे त्याची माहिती मीच कळवतो: त्याला पाठीमागून कोणी हात लावलेला चालत नाही, म्हणून आसनाचे पट्टे त्याला स्वतःलाच बांधू द्यावेत आणि तपासणी समोरून करावी. आपल्या परवानगीने त्या दिवशी मी पिटमध्ये अग्निशामक घेऊन उभा राहण्यास तयार आहे. तसे कळवल्यास सकाळी लवकर हजर होईन.

आपला कृतज्ञ,
अग्निशमन दलाचा एक निवृत्त चालक