टीसी नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही

संपादक महोदय,

शाळा सुरू झाल्या की नागपुरात तीच रड: थकीत फीसाठी जुन्या खासगी शाळेने टीसी दाबून ठेवली, म्हणून मनपाच्या किंवा अनुदानित शाळेत मूल घेत नाहीत. शिक्षणहक्क कायदा, 2009 मधील कलम 5 याबाबत स्पष्ट आहे. मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ द्यायचा. उशीर केल्यास सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई. आणि दाखला नाही हे प्रवेश लांबवण्याचे कारणच होऊ शकत नाही. वयाचा पुरावा नसला तरी कलम 14 प्रमाणे तेच. (हे संरक्षण आठवीपर्यंतच.)

मग घोडे अडते कुठे? जुनी शाळा ‘सरल’मधून (राज्याच्या ऑनलाइन विद्यार्थी-नोंदणीतून) नाव सोडत नाही. नव्या शाळेत मूल वर्गात बसते, पण पटावर दिसत नाही. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मंजूर, हे ऑनलाइन पटावर ठरत असल्याने शिक्षकांना आपले पद जाण्याची धास्ती. त्यांचे चुकते असे नाही, पण त्याची शिक्षा मुलाला का?

पालकांनी तोंडी भांडत बसू नये. प्रवेशअर्ज लेखी द्यावा, प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यावा. नकार दिला तर तोही लेखी मागावा. बरेचदा तिथेच सूर बदलतो. नाहीच ऐकले, तर कलम 32 खाली शहरात महापालिकेकडे, ग्रामीण भागात जिल्हा परिषदेकडे तक्रार करावी. निर्णयाला मुदत तीन महिने. त्यापुढे राज्य बालहक्क आयोगाकडे अपील. तीन महिन्यांत अर्धे सत्र जाते, म्हणून मनपाच्या शिक्षण विभागाने जून-जुलैत अशा तक्रारींसाठी वेगळी खिडकी उघडावी.

— शिक्षणहक्क कायद्याचा एक अभ्यासक, नागपूर