चोकची तार का तापते, हे दाखवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला लागलो की तुम्ही विषय बदलता आणि मला बॉनेट उघडायला सांगता, म्हणून हे खुले पत्र लिहीत आहे.

मी पहिल्यांदा तुमच्याकडे आलो तेव्हा माझी १९६५ची एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, स्टार्टर मारला की नुसतीच कण्हत होती. तोवर मी सीटच्या मागच्या सहा-सहा व्होल्टच्या दोन्ही बॅटऱ्या बदलल्या होत्या, स्टार्टरचे वाइंडिंग नव्याने करून घेतले होते, आणि एका गॅरेजने 'या जुन्या ब्रिटिश गाड्यांचे वायरिंग असेच' असे सांगून सगळे वायरिंग बदलण्याचा सल्ला दिला होता, जो मी मानण्याच्या बेतात होतो. तुम्ही पाना हातात घेतला नाही. मला तीन-चार वेळा स्टार्टर मारायला लावलात आणि मग चोकच्या (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळवून देणाऱ्या खटक्याच्या) तारेच्या आवरणावर बोट ठेवायला सांगितलेत. चटका बसला.

इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे बॉडीशी त्यांचा विजेचा संबंध एका विणलेल्या पट्टीवर अवलंबून असतो, ती पट्टी गंजली की स्टार्टरला लागणारा शेकडो अँपिअरचा प्रवाह वाट मिळेल तिकडून, म्हणजे चोकच्या आणि ॲक्सिलरेटरच्या बारीक तारांमधून, वाहू लागतो, हे तुम्ही गाडीखाली आडवे पडूनच मला समजावलेत. या गाडीत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, एवढे मला ठाऊक होते आणि त्याचा मी मिरवण्यापुरता उपयोगही करत असे. पण टोक कोणतेही असो, अर्थिंगची जागा घासून स्वच्छ असावी लागते, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. पट्टी बदलली, दोन्ही टोकांखालचा रंग खरवडला, आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

इंजिनाला पेट्रोल-हवेचे मिश्रण पुरवणाऱ्या दोन एसयू बनावटीच्या कार्बोरेटरांच्या बाबतीतले तुमचे उपकार याहून मोठे आहेत. इंजिन अडखळले की मी आधी त्यांचेच स्क्रू फिरवत बसायचो. तुम्ही मला फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) दिलात आणि टॅपेट (झडपांची फट), पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे विजेचे संपर्क), प्लग, टायमिंग (ठिणगीची वेळ) या क्रमाने सगळे तपासून होईपर्यंत कार्बोरेटरला हात लावू दिला नाहीत; त्या सकाळी मी मनातून वैतागलो होतो, हे आता कबूल करतो. पॉइंटमधले अंतर वाढलेले निघाले, आणि अर्धा दोष तिथेच संपला. मग तुम्ही रबरी नळीचा तुकडा माझ्या हाती दिलात. एक टोक कानाशी, दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी: पुढच्याचा फुत्कार जोरकस, मागच्याचा दबका. दोन्ही आवाज सारखे व्हायला मला पाऊण तास लागला आणि तुम्ही तेवढा वेळ स्टुलावर बसून राहिलात, एकदाही स्क्रू माझ्या हातून काढून घेतला नाहीत. त्यानंतर कार्बोरेटरच्या बाजूच्या खिळीने त्याच्या आतला पिस्टन अगदी किंचित उचलून पाहायला शिकवलेत: इंजिनाचा वेग क्षणभर वाढून पूर्ववत झाला तर मिश्रण बरोबर, वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त, आणि इंजिन गुदमरू लागले तर कमी. इतके सोपे, उघडे यंत्र मी दुसरे पाहिलेले नाही.

दाराखालच्या पत्र्याबाबत तुम्ही मला एका मोठ्या चुकीतून वाचवलेत. एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. त्यामुळे गंजलेली सिल, म्हणजे दाराखालची ही पत्र्याची पेटी, आधार न देता कापली तर गाडी मधोमध वाकते आणि दार बसेनासे होते. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या माझ्या सिलवर तुम्ही लोहचुंबक फिरवलात आणि तो दोन जागी चिकटलाच नाही, कारण आत पुट्टी होती. कापण्यापूर्वी दाराभोवतीच्या फटी मोजून ठेवायला आणि दाराच्या चौकटीत आडवी सळई वेल्ड करायला तुम्ही सांगितलेत, म्हणून आज दोन्ही दारे एका बोटाने लागतात.

तारांच्या चाकांबद्दल मात्र आपले एकमत होणार नाही. ती सैल होतात, हबच्या खाचा झिजतात आणि धुताना बोटे सोलवटतात, हे तुमचे म्हणणे खरे आहे. तरीही मी ती काढणार नाही.

काल पुढच्या किंगपिनांना (पुढची चाके ज्यांवर वळतात त्या खुंट्यांना) ग्रीस भरले. डाव्या बाजूच्या सगळ्यांत खालच्या निपलमध्ये (ग्रीस भरायच्या तोंडात) ग्रीस शिरतच नाही, गनमधून बाहेरच येते. निपल काढून साफ केले, तरी तेच. येत्या रविवारी गाडी घेऊन येतो. तुमची नळीही तेव्हाच परत करतो.

आपला,
एमजीबीवाला