शस्त्रक्रियेआधी घोरण्याचीही चौकशी व्हावी

महोदय,
गेल्या महिन्यात वडिलांचे हर्नियाचे ऑपरेशन झाले. रक्त, ईसीजी, एक्स-रे सगळे झाले. पण 'झोपेत श्वास अडकतो का?' हे कुणी विचारलेच नाही. आई रोज रात्री त्यांना हलवून कुशीवर वळवते, हे तिच्याशिवाय कोण सांगणार? स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास वारंवार थांबणे) असेल तर भूल आणि अफूवर्गीय वेदनाशामकांनी श्वास आणखी अडखळतो. त्याचा धोका ओळखणाऱ्या 'स्टॉप-बँग' प्रश्नावलीत प्रश्न जेमतेम 8. शंका आलीच तर हनुवटीखाली सोनोग्राफीचा प्रोब ठेवून जिभेची जाडी मोजता येते; जाड जीभ झोपेत श्वासमार्ग अडवू शकते. ना सुई, ना किरणोत्सर्ग. रात्रभराच्या झोपचाचणीची जागा ती घेत नाही, पण ऑपरेशननंतर कुणावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचे, हे ठरवायला मदत होते. भूलतज्ज्ञांनी निदान घोरणाऱ्यांसाठी तरी ही तपासणी सुरू करावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा