बटणं दाबली की झालं?

महोदय,
इलेक्ट्रॉनिक संगीतावरील रविवारच्या लेखात ‘बटणं दाबली की गाणं तयार’ असं वाचलं आणि राहवलं नाही. पॅरिसच्या ‘डाफ्ट पंक’ या जोडगोळीचंच घ्या. तोमा बांगाल्तेर आणि गी-मॅन्युएल यांचा पहिला अल्बम ‘होमवर्क’ १९९७ साली आला आणि गाजला. तीच भट्टी पुन्हा लावता आली असती. पण दुसऱ्या अल्बमसाठी, म्हणजे ‘डिस्कव्हरी’साठी, दोघं १९९८ पासून तोमाच्या घरच्या स्टुडिओत खपले, तेव्हा कुठे तो २००१ मध्ये बाहेर पडला. बटणं दाबायला इतका वेळ लागतो का हो?

त्यातलं ‘वन मोअर टाइम’ हेडफोन लावून ऐका. गायक रोमँथनीचा आवाज यंत्रातून मुद्दाम वाकवलेला आहे, त्यावर तेव्हाही नाकं मुरडली गेली. पण मधेच ठोका गायब होतो आणि उरतो तो आवाज आणि खालचे स्वर. नाचायच्या गाण्यात इतका वेळ ठोका थांबवायचा! आमच्या ढोलपथकात कोणी असं केलं, तर ताशेवाला टिपरूच फेकून मारेल. इथे मात्र ठोका परतला की अंगावर काटा येतो.

याच अल्बममधल्या ‘डिजिटल लव्ह’ची मूळ धून अमेरिकी संगीतकार जॉर्ज ड्यूक यांच्या जुन्या गाण्यातून उचललेली, हे खरं. तेवढी टीका मान्य. पण उचललेल्या तुकड्याचं पुढे काय केलं, तेही लेखकानं ऐकायला हवं होतं.

— एक वाचक, डोंबिवली