पहिलेपण केवळ इंजिनाचे नव्हे

रविवारच्या पुरवणीतील रेल्वेच्या द्विशताब्दीवरील लेख वाचला. मात्र इंग्लंडमधील १८२५च्या स्टॉकटन-डार्लिंग्टन मार्गालाच आजच्या प्रवासी रेल्वेचा आरंभ मानणे पटत नाही. त्या मार्गावर शुल्क भरून इतरांनाही आपली गाडी चालवता येई आणि प्रवाशांचे डबे १८३३पर्यंत प्रामुख्याने घोडेच ओढत. दोन मोठी शहरे जोडणारी, दुहेरी मार्गाची, वेळापत्रकानुसार आणि कंपनीच्या स्वतःच्या इंजिनांवर चालणारी पहिली रेल्वे म्हणजे १५ सप्टेंबर १८३० रोजी सुरू झालेली, सुमारे ५० किलोमीटर लांबीची लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे होय. मुख्यतः मालवाहतुकीसाठी आखलेल्या या मार्गावरून १८३१मध्ये चार लाखांहून अधिक प्रवाशांनी प्रवास केला. सिग्नलचे खांब नसल्याने रुळांलगत उभा असलेला कंपनीचा पोलीस दोन्ही हात आडवे पसरून मार्ग मोकळा असल्याची खूण करी. लिव्हरपूलच्या टोकाला तर चढावर गाड्या दोराने ओढून घ्याव्या लागत. (कसारा घाटातील ३७ फुटांना एक फूट अशा चढासाठी गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारे जादा इंजिन, लागताना पाहणाऱ्या नाशिककरांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.) लेखात ‘रॉकेट’ इंजिनाला भरपूर जागा मिळाली आहे, या व्यवस्थेला मात्र एक ओळही नाही.

– एक वाचक, नाशिक रोड