डॉक्टरकी आणि आमदारकी: मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

दवाखाना चांगला चाललाय, गावकरी निवडणुकीला उभं राहा म्हणताहेत, आणि डॉक्टरकीचा राजकारणात नेमका उपयोग काय, असं तू विचारलंस. त्यावर मी तुला एकच कारकीर्द बारकाईनं बघायला सांगेन: आंध्र प्रदेशचे माजी मुख्यमंत्री डॉ. वाय. एस. राजशेखर रेड्डी.

एमबीबीएस गुलबर्ग्याच्या महादेवप्पा रामपुरे कॉलेजात, म्हणजे आपल्या सोलापूरच्या शेजारीच. हाउस सर्जन तिरुपतीच्या रुईया रुग्णालयात. पुढं जम्मलमडुगूच्या मिशन हॉस्पिटलात नोकरी, आणि १९७३ साली पुलिवेंदुला गावी वडलांच्या नावानं ७० खाटांचं धर्मादाय रुग्णालय. एक रुपया घेणारा डॉक्टर ही ओळख तिथलीच. १९७८ मध्ये ते पुलिवेंदुलाचे आमदार झाले. मग मंत्रिपद, काँग्रेसचं प्रदेशाध्यक्षपद, कडप्पातून चारदा खासदारकी. निवडणूक एकदाही हरले नाहीत, तरी मुख्यमंत्रिपद मिळायला २६ वर्षं लागली. २००३ च्या ऐन उन्हाळ्यात चेवेल्लापासून इच्छापुरमपर्यंत सुमारे १,५०० किलोमीटर पायी चालले, आणि मे २००४ मध्ये शपथ घेतली. पहिली सही शेतकऱ्यांच्या मोफत विजेवर होती, दवाखान्यावर नव्हे. हे लक्षात ठेव. मतदार डॉक्टरकडं आधी पाण्याचं आणि विजेचंच गाऱ्हाणं घेऊन येतो.

आता मुद्द्याचं. मुख्यमंत्री निधीतून उपचाराला पैसे मागणाऱ्यांची रांग तिथंही होती. ही वाट कशी अडते ते तुला ठाऊकच आहे: रुग्णालयाचं खर्चाचं पत्रक, उत्पन्नाचा दाखला, आमदाराची चिठ्ठी, मग मंत्रालयाची वारी. हृदयाची झडप काही तोवर थांबत नाही. शिवाय ज्याची आमदाराशी ओळख नाही, तो रांगेतच येत नाही. त्यांच्या ‘आरोग्यश्री’ या मोफत उपचारांच्या योजनेनं ही ओळखीची अट काढली. १ एप्रिल २००७ ला महबूबनगर, अनंतपूर आणि श्रीकाकुलम या तीन जिल्ह्यांत सुरुवात झाली, जुलै २००८ पर्यंत सगळ्या राज्यात. पांढरं रेशन कार्ड हाच पुरावा. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार, आणि ते संपले तर वर ५० हजार राखीव.

खरी अक्कल रकमेत नाही, दारात आहे. रुग्णालयात शिरताच टेबलाशी आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णाच्या मदतीला नेमलेला योजनेचा माणूस, बसलेला. तो कार्ड तपासतो, नाव नोंदवतो, तपासण्या करून घेतो. मग ईसीजी, अँजिओग्राफी, रुग्णाचा फोटो असं सगळं ऑनलाइन मंजुरीला जातं. तिकडं कारकून नाही, डॉक्टर बघतो. तातडीची केस असेल तर फोनवर मंजुरी. प्रत्येक शस्त्रक्रियेचा दर आधीच ठरलेला, त्यातच जेवण, औषधं, घरी परतायचं भाडं. रुग्णालयानं बिल लावायचं ते रुग्णाला सुट्टी दिल्यानंतर, आणि तेही सरकारकडं. ‘आधी डिपॉझिट भरा’ हे वाक्य ज्यानं कॅज्युअल्टीत रोज ऐकलंय, त्यालाच ही मांडणी सुचते, असं मला मनापासून वाटतं.

त्याआधी १५ ऑगस्ट २००५ ला १०८ ची रुग्णवाहिका आली होतीच. आपल्याकडं राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली ती याच धर्तीवर. आता ती महात्मा फुल्यांच्या नावानं चालते. ‘आरोग्यमित्र’ हा शब्दसुद्धा तिकडूनच आला.

पण दोषही नीट समजून घे, कारण तेही डॉक्टरी नजरेतूनच आलेत. रुग्णालयात वाढलेल्या माणसाला आजार दिसतो तो खाटेवर आल्यावर. मोठ्या शस्त्रक्रियांचा पैसा खाजगी रुग्णालयांकडं वाहत गेला. मधुमेह, रक्तदाब, क्षय यांची रोजची औषधं जिथं मिळायची, त्या प्राथमिक केंद्राकडं तेवढं लक्ष गेलं नाही. दुसरं, ज्या शस्त्रक्रियेचा दर परवडतो तिची संख्या फुगते. तिथं गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया इतक्या वाढल्या की पुढं त्या योजनेत सरकारी रुग्णालयांपुरत्याच ठेवाव्या लागल्या. तिसरं, सरकारकडं बिलं थकली की रुग्णालयं दाखल करून घेणं थांबवतात, आणि फरफट होते ती रुग्णाचीच.

त्यांच्या जलसिंचनाच्या कामांवर भ्रष्टाचाराचे गंभीर आरोप झाले, तेही वाच. नुसता भक्तिभाव ठेवून उपयोग नाही. २ सप्टेंबर २००९ ला नल्लमलाच्या जंगलात हेलिकॉप्टर कोसळून ते गेले. दुसऱ्यांदा मुख्यमंत्री होऊन चार महिनेही झाले नव्हते.

तू उभा राहणारच असशील तर अर्ज भरण्याआधी एक काम कर. तालुक्यातल्या योजनेच्या रुग्णालयात सकाळी दोन तास आरोग्यमित्राच्या टेबलाशेजारी बस. किती जण परत जातात आणि कशामुळं, ते वहीत लिही. रेशन कार्डावर ‘सुमन’ आणि आधारवर ‘सुमनबाई’, सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर, असली कारणं दिसतील. ती वही मला पाठव, मग पुढचं बोलू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र