मेंदूतला स्टेंट हा हार्टचा स्टेंट नाही

संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत स्टेंट म्हटलं की हार्टचाच येतो, म्हणजे ब्लॉकेज उघडायचा. माझ्या मोठ्या बहिणीच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा निघाला, अॅन्युरिझम, आणि डॉक्टर म्हणाले स्टेंट टाकू, तेव्हा आम्ही सगळे चक्रावलो की नळी कुठे तुंबलीये मग स्टेंट कशाला?

नंतर वाचून कळलं ते असं. फुग्याच्या तोंडातून रक्ताची धार आत घुसते, पातळ भिंतीवर आपटते, भोवरा करून बाहेर येते. फ्लो डायव्हर्टर, म्हणजे धार वळवणारा जाळीदार स्टेंट, फुग्यात जातच नाही, तो मूळ नळीत त्या तोंडावरून बसतो. अमेरिकेत 2011 साली मान्यता मिळालेला पाइपलाइन नावाचा स्टेंट घ्या, 48 बारीक तारांची वीण, त्यातही धातूने झाकली जाते नळीची 30-35 टक्केच भिंत, बाकी भोकंच. पण तेवढ्यानेही धार मोडते, रक्त सरळ पुढे जातं, फुग्यातलं रेंगाळून साकळतं आणि जाळीवर हळूहळू नवीन अस्तर चढतं. मग शेजारच्या बारीक फांद्या का बंद होत नाहीत? त्या बहुतेक चालूच राहतात कारण त्यांना पुढे वाट असते, पलीकडचा मेंदू रक्त ओढत असतो, फुग्याला पुढे वाटच नाही! मला तर हे फार सुंदर वाटलं.

पण याला वेळ लागतो. याच स्टेंटच्या 108 पेशंटच्या अभ्यासात सहा महिन्यांनी साधारण 74 टक्के फुगे पूर्ण बंद झाले होते, वर्षाने 87, आणि पाच वर्षांनी ज्यांची तपासणी झाली त्यांच्यात 95.

आणि इथेच घोळ होतो. तिसऱ्या महिन्यात ताई म्हणाली, ऑपरेशन झालं, मला बरं वाटतंय, अंगावर काळेनिळे डाग पडतात, आणि अॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल या रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या दोन्ही गोळ्या स्वतःच बंद केल्या, आम्हाला चार दिवसांनी कळलं. अस्तर चढायच्या आधी गोळ्या सुटल्या तर गुठळी स्टेंटमध्येच होऊन अर्धांगाचा झटका येऊ शकतो, हे डिस्चार्जच्या वेळी कुणी समजावलंच नव्हतं, कागद होता तो इंग्रजीत. लगेच डॉक्टरांना फोन करून गोळ्या परत सुरू केल्या, सुदैवाने ताई ठीक आहे.

हॉस्पिटलांनी तो कागद मराठीत द्यावा, आणि तोवर निदान आपण तरी पुरवणीत एखाद्या न्यूरो डॉक्टरांकडून यावर लिहून घ्या ही कळकळीची विनंती.

आपली एक नियमित वाचक